वैद्यांना विचारा : किडनी आणि काढा

प्रश्न : वडील ७२ वर्षांचे. रक्तात क्रिएटिनिन (किडनीचं काम कितपत चालतं ते दाखवणारा घटक) ३.१, पोटॅशियम ५.४. पुनर्नवा-गोखरूचा काढा आणि एक भस्म द्या, असं भावकीतले सुचवतात. द्यावं का? – एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : भस्म नकोच. काही भस्मांत पारा, शिसं असतं, आणि ते थकलेल्या किडनीला नीट बाहेर टाकता येत नाही. पुनर्नवा सुजेवर सांगितलेली आहे, हे खरं. पण तिच्यात पोटॅशियम भरपूर, आणि वडिलांचं आधीच वाढलेलं. ते आणखी चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. शिवाय डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल, तर काढाही त्याच मापात धरावा लागतो.

आयुर्वेदाची खरी मदत पथ्यात. भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळा, पाणी ओतून द्या, मग फोडणी घाला. पुरणाच्या कटाची आमटी त्यांना वाढू नका. डाळीतलं बरंच पोटॅशियम त्या पाण्यातच उतरतं. सैंधवही शेवटी मीठच, मोजूनच वापरा. 'कमी सोडियम'चं मीठ मात्र घरात आणूच नका, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं.

गुडघ्यासाठी दुकानातून परस्पर आणलेली वेदनाशामक गोळीही बंद. कोणतंही औषध सुरू करायचं, तर आधी किडनीच्या डॉक्टरांना दाखवा.