घोडे आणि झूचे प्राणी, सुरुवात कुठून?

भाऊ, घोड्यांचा आणि झूच्या प्राण्यांचा डॉक्टर व्हायला सुरुवात कुठून करू विचारतोस, तर तू इथं नागपुरात वेटरनरीला आहेस आणि गोरेवाडा झू जवळच, म्हणजे अर्धं काम झालंच समज. पण पहिल्याच दिवशी डार्ट गन (लांबून बेशुद्धीचं इंजेक्शन मारायची बंदूक) हातात घ्यायची घाई नको, सगळे नवीन पोरं हीच चूक करतात. साडेपाच वर्षांच्या कोर्समध्ये गाई-म्हशी, कुत्रे नीट हाताळ, वाघ कुठं पळून नाही चालला.

सध्या एवढंच कर:

- घोड्याच्या मागून जाऊ नको, खांद्याकडून, बोलत बोलत जा. मी एकदा विसरलो न्‌ मांडीवर महिनाभर काळानिळा खूर घेऊन फिरलो.
- जबड्याखाली बोटं ठेवून नाडी मोजायची सवय लाव. उभ्या, शांत घोड्याची मिनिटाला 28 ते 44. तो कुशीकडे वळून वळून बघतोय, पाय आपटतोय, लोळतोय तर पोटदुखी समज आणि लगेच सिनियरला बोलव, कारण घोड्याला उलटी होत नाही, पोटातलं तसं बाहेर पडत नाही, म्हणून थांबून चालत नाही.
- झूमध्ये किपरशी, म्हणजे प्राण्यांना रोज खाऊ घालणाऱ्या माणसाशी, दोस्ती कर. बिबट्या दुखणं लपवतो, पण काल अर्धं मटण तसंच ठेवलं हे किपरलाच माहीत असतं ना!

बेशुद्धीच्या औषधांचे डोस वगैरे आता विचारूच नको, सांगणार नाही.