घरातून पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या मुलांच्या मदतीला नव्याने आलेल्या तुला

तू पहिल्याच बैठकीत विचारलंस, 'या मुलांना प्रेरणा कशी द्यायची?' अरे, प्रेरणा त्यांच्याकडे भरपूर असते. ती अडतात कागदांवर. उत्पन्नाच्या दाखल्यावर वडिलांचं नाव एका तऱ्हेने, गुणपत्रिकेवर दुसऱ्या तऱ्हेने. तेवढ्यावरून अर्ज परत येतो. म्हणून अर्ज भरताना शेजारी बस, प्रत्येक नावातलं अक्षर न् अक्षर ताडून बघ.

खरी गळती प्रवेश मिळाल्यावर होते. निकाल आणि पहिला तास यांच्यामधल्या दोन-अडीच महिन्यांत कितीतरी मुलं गुपचूप मागे फिरतात. अमेरिकेत याला 'समर मेल्ट' म्हणतात. शिष्यवृत्ती मंजूर असते, पण पैसे बरेचदा सत्र सुरू झाल्यावर हातात पडतात. वसतिगृहाची अनामत मात्र आधी भरावी लागते. त्या काळात दर आठवड्याला फोन कर. 'काय अडलंय?' एवढंच विचार आणि ऐक.

आईवडिलांना भेटल्याशिवाय काहीही ठरवू नकोस. कमावते दोन हात घरातून जाणार असतात, त्यांची भीती खरी आहे. त्यांना खर्चाचा हिशेब कागदावर मांडून दाखव.

नोकरीचं शेवटच्या वर्षापर्यंत लांबवू नकोस. पहिल्या पिढीतल्या मुलांना ओळखीपाळखी नसतात, त्या दुसऱ्या वर्षापासून तूच जोडून दे. आणि शेतात, जनावरांमागे केलेलं काम बायोडेटात लिहायला सांग. माझ्याकडची एक मुलगी ते खोडत होती. मी पेन काढून घेतलं. मुलाखतीत तिला पहिला प्रश्न त्यावरच आला, आणि ती दहा मिनिटं न अडखळता बोलली.