वाचकांचे प्रश्न : काळोख्या आकाशातील रेघा

प्रश्न : डिसेंबरमध्ये मिथुन राशीतील उल्कावर्षाव पाहण्यासाठी आम्ही मित्र वाईजवळच्या एका पठारावर मुक्कामाला गेलो होतो. संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास वायव्येकडून माळेत ओवल्यासारखे वीस-पंचवीस ठिपके एकामागोमाग वर आले आणि डोक्यावरून थोडे पुढे सरकताच एकेक करून विझले. मध्यरात्री ताऱ्यांच्या गतीने फिरणाऱ्या बैठकीवर कॅमेरा लावून मृगातील तेजोमेघाची छायाचित्रे घेतली, तर त्यांतही आखूड रेघा उमटल्या. हे सारे स्टारलिंकचेच उपग्रह का? यापुढे आकाशदर्शनात काही राम उरेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुम्ही केलेल्या वर्णनावरून ती माळ स्टारलिंकची, म्हणजे स्पेसएक्स कंपनीच्या इंटरनेट पुरवणाऱ्या उपग्रहांचीच दिसते, मध्यरात्रीच्या रेघांचा धनी मात्र बहुधा दुसराच आहे.

उपग्रहाला स्वतःचा प्रकाश नसतो. आपल्याकडे रात्र झाली तरी शेकडो किलोमीटर उंचीवर ऊन असते, आणि तेच ऊन परावर्तित होऊन आपल्यापर्यंत पोहोचते. प्रक्षेपणानंतर पहिले काही दिवस स्टारलिंकचे उपग्रह कमी उंचीवर, एकमेकांच्या मागे रांगेत असतात, म्हणून ती माळ इतकी ठसठशीत दिसते. पृथ्वीच्या सावलीत शिरताच ते एकेक करून विझतात. नंतर ते सुमारे ५५० किलोमीटर उंचीवर पोहोचतात, पांगतात आणि पुष्कळ मंद होतात. तेवढ्या उंचीचा उपग्रह नेमका डोक्यावर असेल, तर डिसेंबरमध्ये आपल्याकडे सूर्यास्तानंतर सुमारे पावणेदोन तासांनी तो सावलीत जातो आणि पहाटे सूर्योदयाआधी तेवढाच वेळ पुन्हा उजळतो. वनवेब या अशाच दुसऱ्या इंटरनेट कंपनीचे उपग्रह १,२०० किलोमीटरवर असल्याने त्यांना सुमारे अडीच तास लागतात.

या बाबतीत आपले अक्षांश आपल्या बाजूचे आहेत. जूनमध्ये लंडनला सूर्य मध्यरात्रीदेखील क्षितिजाखाली जेमतेम १५ अंश जातो, त्यामुळे तिथल्या निरीक्षकाच्या डोक्यावरचे स्टारलिंक रात्रभर उन्हात राहतात. डिसेंबरच्या मध्यरात्री सूर्य साताऱ्याच्या जवळजवळ थेट पायाखाली असतो आणि या उंचीवरचे झाडून सारे उपग्रह अंधारात असतात. मिथुनेतील उल्कांचा बहरही मध्यरात्रीनंतरचाच. तेव्हा नुसत्या डोळ्यांनी आकाश पाहणाऱ्याने हताश होण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

मग त्या आखूड रेघा कुठल्या? त्या पूर्व-पश्चिम दिशेत आणि एकमेकींना समांतर आहेत का, ते पाहा. तशा असतील तर ते सुमारे ३६,००० किलोमीटरवरचे भूस्थिर उपग्रह असण्याची शक्यता मोठी आहे. महाराष्ट्रातून पाहताना त्यांची रांग खगोलीय विषुववृत्ताच्या सुमारे तीन अंश दक्षिणेला, म्हणजे मृगाचा पट्टा आणि तेजोमेघ यांच्या मधून जाते. इतक्या दूरचे उपग्रह वर्षातील बहुतेक दिवस रात्रभर उन्हात असतात. तुमचा कॅमेरा ताऱ्यांबरोबर फिरतो आणि ते जागच्या जागी राहतात, म्हणून ३० सेकंदांत चंद्राच्या व्यासाच्या साधारण पाव हिश्शाएवढी रेघ उमटते. घरोघरच्या छत्र्यांना दूरचित्रवाणी पुरवणारी ही मंडळी स्टारलिंकच्या कितीतरी आधीपासून तिथे आहेत. एक लांब छायाचित्र घेण्याऐवजी छोटी तीस-चाळीस घ्या आणि संगणकावर एकत्र करताना सरासरीऐवजी मध्यक (प्रत्येक बिंदूसाठी सर्व चित्रांतील मधले मूल्य) निवडा. प्रत्येक चित्रात रेघ निराळ्या जागी असल्याने ती गळून पडते.

प्रश्न : पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’चा, म्हणजे काळोखे आकाश जपणाऱ्या क्षेत्राचा दर्जा मिळाला. तिथले आकाश तरी उपग्रहांपासून सुरक्षित राहील का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही. दिव्यांना झाकण घालून, त्यांची तोंडे खाली वळवून जमिनीवरचा उजेड आवरता येतो. आकाशाला कुंपण घालता येत नाही. शहराच्या उजेडाला कंटाळून आकाशप्रेमी गाव सोडून लांब जात आले, पण उपग्रहांपासून दूर जावे असे गावच नाही. मे २०१९ मध्ये स्टारलिंकचे पहिले ६० उपग्रह सुटले, त्याआधी साऱ्या जगाचे मिळून जेमतेम २,००० कार्यरत उपग्रह होते. आज एकट्या स्टारलिंकचे ८,००० हून अधिक आहेत. यात आपण निव्वळ प्रेक्षक आहोत असेही नाही, कारण वनवेबचे ७२ उपग्रह ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये श्रीहरिकोट्याहूनच गेले.

खरी झळ मोठ्या दुर्बिणींना बसते. चिलीतील व्हेरा रुबिन वेधशाळेचा ८.४ मीटरचा आरसा एका वेळी आकाशाचा फार मोठा तुकडा टिपतो, त्यामुळे त्यात उपग्रह सापडण्याची शक्यताही तितकीच वाढते. सूर्याच्या दिशेकडून येणारे लघुग्रह शोधायचे तर संधिप्रकाशातच पाहावे लागते, आणि उपग्रहही नेमके तेव्हाच सर्वाधिक उजळ असतात. खगोलशास्त्रज्ञांनी ५५० किलोमीटरवरच्या उपग्रहाची तेजस्विता सातव्या प्रतीपेक्षा (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितके तेज कमी) मंद असावी, म्हणजे तो नुसत्या डोळ्यांना दिसू नये, असे सुचवले आहे. स्टारलिंकने २०२० मध्ये गडद रंग आणि छज्जे लावून पाहिले व काही प्रमाणात यश मिळवले. याउलट २०२२ मध्ये गेलेल्या ब्लूवॉकर ३ या उपग्रहाने ६४ चौरस मीटरचा अँटेना उलगडला आणि तो काही वेळा प्रश्वा या ठळक ताऱ्याइतका झळकू लागला. इतके उजळ राहू नका असे सांगणारा बंधनकारक आंतरराष्ट्रीय नियम नाही. १९६७ चा अंतराळ करार लिहिताना हा प्रश्न कोणाच्या गावीही नव्हता.

रेडिओ दुर्बिणींचा प्रश्न तर मला अधिक बिकट वाटतो. पुणे जिल्ह्यातील खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० महाकाय तबकड्यांसाठी जागा निवडताना शहरांच्या रेडिओ गोंगाटापासून डोंगरांचा आडोसा मिळेल हे पाहिले गेले. डोक्यावरून येणाऱ्या लहरींपुढे तो आडोसा निरुपयोगी आहे. नेदरलँड्समधील लोफार दुर्बिणीला २०२३ मध्ये स्टारलिंकमधून ११० ते १८८ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात अनाहूत लहरी झिरपताना आढळल्या, आणि जीएमआरटीच्या निरीक्षणांचा एक पट्टा त्याच टापूत येतो. वेधशाळेवरून जाताना उपग्रह आपला संदेशांचा झोत वळवू शकतो. ही गळती मात्र त्याच्या अंतर्गत विद्युत यंत्रणेतून होत असल्याने तिचा बंदोबस्त उड्डाणाआधी कारखान्यातच करावा लागेल.