विचर ४ साठी विचर ३ चा कोणता सेव्ह जपून ठेवावा?

तुमचा प्रश्न असा: ‘विचर’ या व्हिडिओ गेम मालिकेचा चौथा भाग यायच्या आत तिसरा भाग पुन्हा खेळून त्याचा सेव्ह (खेळाची जपून ठेवलेली प्रगती) राखायचा आहे, तर पुढच्या भागात चालतील असे निर्णय कोणते आणि ते कसे घ्यायचे? (पुढे तिसऱ्या भागाचा शेवट उघड होतो. पहिल्यांदाच खेळत असाल तर इथेच थांबा.)

वेळेची चिंता नको. २०२६ संपायच्या आत गेम येणार नाही, हे तो बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्ट रेडनेच सांगितलं आहे. एकच प्लेथ्रू (सुरुवातीपासून शेवटपर्यंतचा खेळ) जपायचा असेल, तर नायक गेराल्टची मानसकन्या सिरी विचर, म्हणजे पैसे घेऊन राक्षस मारणारी, होते तो शेवट मिळवा. डिसेंबर २०२४ च्या ट्रेलरमध्ये ती मांजरासारख्या डोळ्यांची, काढे पिणारी, एकटीने राक्षसांची कंत्राटं घेणारी विचर आहे आणि खेळायचंही तिलाच घेऊन. बाकीचे निर्णय मनाला पटतील तसे घ्या. पुढच्या भागाचा हिशेब मांडून घेतलेल्या निर्णयांतून या मालिकेत आजवर फारसं कुणाच्या हाती लागलेलं नाही.

मागचा इतिहास पाहा. पहिल्या भागाचा (२००७) सेव्ह दुसऱ्यात (२०११) नेला की मुख्यतः तलवारी, चिलखत आणि थोडे संदर्भ मिळायचे. दुसऱ्या भागात निर्णयाचं वजन खरोखर मोठं होतं. रोश हा सैनिक की योर्वेथ हा बंडखोर एल्फ, कुणाला साथ देता यावर अख्खा दुसरा अंक बदलतो. एका बाजूने गेलात तर केडवेनी छावणी, दुसऱ्या बाजूने गेलात तर सास्कियाच्या बंडखोरांचं व्हर्गेन. मग तिसऱ्या भागात (२०१५) त्यातलं काय आलं? योर्वेथ नाही, सास्किया नाही. व्हर्गेन कुणी वाचवलं, याने कथेत तसूभरही फरक पडत नाही. ठळकपणे जाणवतो तो एकटा लेथो, दुसऱ्या भागात राजांचे खून करणारा विचर. तो जिवंत असेल तर वेलेनमध्ये ‘घोस्ट्स ऑफ द पास्ट’ ही क्वेस्ट (मोहीम) मिळते आणि नंतर त्याला केर मोरहेन या विचरांच्या किल्ल्यावरच्या लढाईला बोलावता येतं.

त्यासाठीही जुना सेव्ह लागत नाही. नवा गेम सुरू करताना ‘सिम्युलेट विचर २ सेव्ह’ चालू ठेवा. व्हाइट ऑर्चर्ड संपल्यावर विझिमाच्या राजवाड्यात दाढी करून घेताना निल्फगार्ड साम्राज्याचा सेनापती फोर्हिस मागच्या घटनांबद्दल विचारतो, तुमच्या उत्तरांवरून गेम जग ठरवतो. लेथोला सोडून दिलं, असं तिथे सांगा. हा पर्याय चालू करायला विसरलात तर हे प्रश्न येतच नाहीत, आणि मग मधूनच काही दुरुस्त करता येत नाही.

जुने निर्णय पुढच्या भागात फारसे का येत नाहीत, ते साध्या हिशेबाने कळेल. तिसऱ्या भागातलं युद्ध तिघांपैकी कुणीही जिंकू शकतं: निल्फगार्ड, रेडेनियाचा राजा राडोविड किंवा तिथला माजी हेरप्रमुख डाइकस्ट्रा. सिरीचे शेवट तीन: विचर, सम्राज्ञी किंवा ती परतच येत नाही. सम्राज्ञी फक्त निल्फगार्ड जिंकल्यावर होते, म्हणून या दोन्ही मिळून सात जोड्या. गेराल्टसोबत येनेफर किंवा ट्रिस (दोघी जादूगारणी) किंवा कुणीच नाही. स्केलिगे बेटांच्या गादीवर केरिस, याल्मार किंवा स्वानरिगे. सात गुणिले तीन गुणिले तीन, म्हणजे ६३ जगं. प्रत्येक जगासाठी संवाद लिहायचे, अनेक भाषांत रेकॉर्ड करायचे आणि बहुतेक खेळाडूंना त्यातला छोटासा तुकडाच दिसणार. एवढा खर्च कोणताही स्टुडिओ करत नाही. ‘ड्रॅगन एज’ या दुसऱ्या गेम मालिकेच्या मंडळींनी २०१४ मध्ये ‘कीप’ नावाची वेबसाइट काढून जुने निर्णय एकेक करून नोंदवायची सोय दिली होती. त्याच मालिकेच्या २०२४ च्या ‘व्हेलगार्ड’ भागात मागच्या भागातल्या निर्णयांपैकी तीनच विचारले गेले.

विचरवाल्यांनी जागाच अशी निवडली आहे की बराचसा प्रश्न सुटतो. जून २०२५ च्या तांत्रिक प्रात्यक्षिकात जो प्रदेश दाखवला तो कोव्हिर, उत्तरेचं श्रीमंत राज्य. युद्धापासून हे राज्य अलिप्त राहिलेलं आहे. म्हणजे नोव्हिग्राड शहरावर झेंडा कुणाचाही असो, कोव्हिरचा बाजार तसाच भरलेला दाखवता येतो. शिवाय तिसऱ्या भागात ‘नाऊ ऑर नेव्हर’मध्ये नोव्हिग्राडचे जादूगार जहाजाने पळून जातात ते कोव्हिरलाच, आणि ट्रिसची निवड केली असेल तर शेवटी गेराल्टही तिच्यासोबत तिथेच राहायला जातो. जुना एखादा निर्णय डोकावणार असेलच, तर तो या नात्याचा असण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते. हा अंदाज आहे, हे धरूनच वाचा. एक सावधगिरी मात्र नक्की: ट्रिस आणि येनेफर दोघींनाही प्रेमाची कबुली दिलीत, तर पुढे दोघीही हातच्या जातात.

आता सिरीच्या शेवटाकडे. तो शेवटच्या लढाईत ठरत नाही, आधीच्या काही साध्या प्रसंगांत ठरतो. सगळ्यांत एकच तत्त्व आहे: तिला सांभाळू नका, तिच्यावर विश्वास टाका.

‘ब्लड ऑन द बॅटलफील्ड’ या क्वेस्टमध्ये, गेराल्टचा गुरू वेसेमिर याच्या मृत्यूनंतर ती खचलेली असते. सगळंच जमायला हवं असं नाही, हे सांत्वनाचं वाक्य ऐकायला बरं वाटतं, पण ते विरुद्ध मोजलं जातं. तिचा मूड बदलायचा पर्याय घ्या, म्हणजे बर्फाचे गोळे मारायचा खेळ होतो. त्याच क्वेस्टमध्ये तिला तिचा बाप, निल्फगार्डचा सम्राट एमहिर, याच्याकडे न नेता थेट वेलेनला जा. विचर शेवटासाठी हाच सरळ मार्ग आहे; एमहिरकडे नेलंत आणि निल्फगार्ड जिंकलं, तर तो शेवट मिळत नाही. नेलंत आणि वर पैसेही घेतलेत, तर ते तिच्या विरुद्ध जातं.

‘फायनल प्रिपरेशन्स’मध्ये जादूगारणींच्या मंडळासमोर (लॉज) तिला एकटीला जाऊ द्या. ‘द चाइल्ड ऑफ द एल्डर ब्लड’मध्ये तिचा एल्फ गुरू ॲव्हलाख याची प्रयोगशाळा पाहून ती भडकते, तेव्हा शांत हो म्हणू नका, तोडफोड करू द्या. त्याच क्वेस्टमध्ये स्क्याल या मुलाच्या कबरीवर जायचं का, असं ती विचारते. घाई आहे असं वाटतं, पण हो म्हणा. यातल्या बहुतेक जागी तिला रोखलंत, तर ती परत येत नाही आणि गेराल्ट एकटा दलदलीत वेसेमिरचं पदक शोधत राहतो.

सम्राज्ञीचा शेवटही बाजूला जपायचा असेल, तर सर्वांत जास्त लोक अडकतात ते इथे. एमहिरची भेट हवी, पैसे नाकारायला हवेत आणि निल्फगार्डला युद्ध जिंकवावं लागतं. त्यासाठी ‘रीझन ऑफ स्टेट’ ही क्वेस्ट हवी, आणि ती उघडायला ‘अ डेडली प्लॉट’, ‘ॲन आय फॉर ॲन आय’ आणि ‘रेडेनियाज मोस्ट वॉन्टेड’ या तिन्ही क्वेस्ट आइल ऑफ मिस्ट्स बेटावर जायच्या आत संपायला हव्यात. तिथे गेम सूचना देतो, तरी लोक एंटर दाबून मोकळे होतात. दुसरा खड्डा ‘ब्लाइंडिंगली ऑब्व्हियस’मध्ये आहे: डाइकस्ट्रा वाट अडवतो तेव्हा त्याला जोरात ढकललंत तर त्याचा पाय मोडतो आणि ‘रीझन ऑफ स्टेट’ कायमची हातून जाते. शेवटी रोश आणि डाइकस्ट्रा समोरासमोर आले की रोशच्या बाजूने उभे राहा.

दोन्ही शेवटांसाठी पूर्ण गेम दोनदा खेळायची गरज नाही. आइल ऑफ मिस्ट्सच्या आधी एक आणि वेसेमिरच्या अंत्यसंस्कारानंतर लगेच एक, असे दोन मॅन्युअल सेव्ह करा. ऑटोसेव्हवर विसंबू नका, त्यावर नवे चढत जातात.

साठवण्याबद्दल. विंडोजवर सेव्ह ‘डॉक्युमेंट्स’मधल्या ‘द विचर ३’ फोल्डरमध्ये, ‘गेमसेव्ह्ज’च्या आत असतात. एसएव्ही फाइल आणि तिच्या नावाची पीएनजी, दोन्ही उचला. पीएस४ आवृत्तीचे सेव्ह यूएसबीवर घेता येतात, पीएस५ आवृत्तीचे येत नाहीत. तिथे पीएस प्लसचं क्लाउड लागतं किंवा गेममधून जीओजी या ऑनलाइन गेम दुकानाचं खातं जोडावं लागतं. ही जोडणी डिसेंबर २०२२ च्या ४.० अपडेटपासून आली. ती सगळे स्लॉट वर चढवत नाही, ताजे तेवढेच नेते. म्हणून जपायचा सेव्ह लोड करा, तिथेच पुन्हा मॅन्युअल सेव्ह करा आणि मग बाहेर पडा.