आधी चेहरा, मग डायनोसॉर

गेल्या अंकात गाजलेल्या हॉलिवूडपटांविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. ती एका प्रेक्षकाची मते आहेत आणि ती तशीच वाचावीत, ही विनंती.

प्रश्न : ‘ज्युरासिक पार्क’ येऊन तीस वर्षे उलटली. आजच्या संगणकीय करामतींपुढे तो जुनाट वाटायला हवा. पण माझा दहा वर्षांचा नातू तो श्वास रोखून पाहतो. असे का होत असावे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपल्या नातवाला मी पूर्ण दुजोरा देतो. 1993 सालचा हा चित्रपट 1994 मध्ये हिंदीत डब होऊन आपल्याकडे आला. आमच्या तालुक्याच्या गावी तो लागला, तेव्हा मी वडिलांबरोबर पाहिला. 127 मिनिटांच्या या चित्रपटात डायनोसॉर प्रत्यक्ष दिसतात ते जेमतेम पंधरा मिनिटे. उरलेला वेळ दिग्दर्शक स्पीलबर्ग आपल्याला त्यांची वाट पाहायला लावतो, आणि त्याचे खरे कसब तिथेच आहे.

पहिला डायनोसॉर दिसतो तो प्रसंग पुन्हा एकदा निरखून पाहा. जीप थांबते. डॉ. ग्रँट उजवीकडे पाहतो, टोपी काढतो, उभा राहतो, गॉगल काढतो. शेजारी बसलेली एली हातातले पान न्याहाळण्यात गुंग आहे, कारण ती वनस्पती केव्हाच नामशेष झाली आहे अशी तिची समजूत आहे. ग्रँट एक शब्दही न बोलता हात पुढे करतो आणि तिचे डोके धरून वळवतो. तिचे तोंड उघडे पडते. एवढे सगळे झाल्यावर कॅमेरा आपल्याला तो उंच मानेचा प्राणी दाखवतो. तोवर आपण त्या दोघांच्या डोळ्यांनी पाहू लागलेलो असतो. मला आठवते, त्या क्षणी वडील खुर्चीच्या कडेला सरकून बसले होते आणि मी पडद्याकडे पाहता पाहता मध्येच त्यांच्याकडे पाहत होतो.

हा धडा स्पीलबर्गला बहुधा ‘जॉज’च्या वेळी मिळाला असावा. 1975 च्या त्या चित्रपटासाठी बनवलेला यांत्रिक शार्क समुद्राच्या खाऱ्या पाण्यात सारखा बिघडत असे. त्यामुळे तो कमीत कमी दाखवावा लागला आणि भीतीचा सगळा भार माणसांच्या चेहऱ्यांवर व संगीतावर आला. संगणकाची चित्रे दहा वर्षांत जुनी दिसू लागतात. एलीचा चेहरा जुना होत नाही.

प्रश्न : ‘इंटरस्टेलर’ मी पुन्हा प्रदर्शित झाल्यावर पाहिला. कृष्णविवर, सापेक्षता यांतले मला फारसे कळले नाही, तरी रडू आवरले नाही. मग मला तो समजला असे म्हणता येईल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : निःसंशय म्हणता येईल. दिग्दर्शक नोलनने 2014 साली केलेल्या या चित्रपटाला भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांचे मार्गदर्शन होते (त्यांना पुढे 2017 मध्ये नोबेल मिळाले). तरीही चित्रपटाला विज्ञानाची एकच गोष्ट आपल्या मनात पक्की बसवायची आहे : त्या पाण्याच्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षे. हे त्रैराशिक शाळकरी मुलालाही जमते. मुलांना घरी सोडून अंतराळात गेलेला नायक कूपर त्या ग्रहावरून यानात परततो, तेव्हा तिथे थांबलेल्या सहकाऱ्याच्या दाढीत पांढरे केस आलेले असतात, आणि तेवीस वर्षांत साचलेले घरचे निरोप पडद्यावर एकामागून एक सुरू होतात. मुलगा शाळा संपवतो, लग्न करतो, बाप होतो, मूल गमावतो, आणि शेवटी वडिलांची आशा सोडतो. कूपरला यातल्या कशालाच उत्तर देता येत नाही. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावरून फारसा हलत नाही. नोकरीसाठी दूरदेशी गेलेल्या ज्यांनी घरची लग्ने आणि बारशी फोनच्या पडद्यावर पाहिली आहेत, त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

म्हणूनच पुढे प्रेम हीसुद्धा एक मोजता न आलेली शक्ती असावी, असे पात्रांच्या तोंडून लांबलचक वदवले जाते, ते मला खटकते. जे आपण आधीच पाहिले, ते पुन्हा सांगून पातळ होते.

प्रश्न : ‘टायटॅनिक’ ही एक साधी श्रीमंत-गरिबाची प्रेमकथा आहे. तिला अकरा ऑस्कर देणे अति झाले, असे आपल्याला वाटत नाही का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : प्रेमकथा साधी आहे हे मान्य. नायिका रोझचा श्रीमंत वाग्दत्त वर इतका एकसुरी दुष्ट आहे की बुडत्या जहाजावर तो पिस्तूल घेऊन पाठलाग करतो, तेव्हा माझे लक्ष उडते. परंतु 1997 च्या या सव्वातीन तासांच्या चित्रपटात दिग्दर्शक कॅमेरॉनने जहाज ज्या शिस्तीने बुडवले आहे, तिचे श्रेय त्याला द्यावेच लागेल. सुरुवातीलाच एक तरुण संशोधक वृद्ध रोझला संगणकावर जहाज कसे बुडाले ते दाखवतो. पुढे टक्कर झाल्यावर जहाजाचा रचनाकार अँड्र्यूज आराखडा पसरून सांगतो की चार कप्पे भरले तर जहाज तरंगेल, पाच भरले तर नाही. या दोन प्रसंगांमुळे शेवटच्या तासात कोणालाही काही समजावून सांगावे लागत नाही, आणि कॅमेरा माणसांकडे जायला मोकळा होतो. पलंगावर एकमेकांना कवटाळून पडलेले म्हातारे जोडपे आणि खालून वाहणारे पाणी, एवढेच काही सेकंदांचे दृश्य आहे. इसिडोर आणि आयडा स्ट्रॉस या खऱ्या दांपत्याची ती आठवण आहे. आयडाबाईंनी नवऱ्याला सोडून होडीत बसायला नकार दिला होता. माझ्या मनात नायक-नायिकेपेक्षा हे दोघे अधिक राहिले आहेत.

प्रश्न : ‘द शॉशँक रिडेम्प्शन’ला एकही ऑस्कर मिळू नये, हे कसे? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : सात नामांकने होती, पण त्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पारितोषिक ‘फॉरेस्ट गम्प’ला गेले. 1994 साली चित्रपटगृहांतही ‘शॉशँक’ला गर्दी नव्हती; लोकांनी तो नंतर घरी, व्हिडिओवर आणि टीव्हीवर आपलासा केला. तुरुंगाच्या भोंग्यांतून मोझार्टचे गाणे घुमू लागते आणि आवारातले सारे कैदी मान वर करून जागीच थबकतात, तो प्रसंग पाहावा. ज्या चित्रपटात असे दृश्य आहे, त्याला ऑस्करची बाहुली मिळाली की नाही, याची चिंता मी सोडून दिली आहे.

प्रश्न : ‘ओपनहायमर’मध्ये हिरोशिमा दाखवलेच नाही. हा मेलेल्यांवर अन्याय नव्हे काय? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आपला प्रश्न मला बराच काळ छळत आला आहे. अणुबॉम्ब बनवणाऱ्या शास्त्रज्ञांचा प्रमुख ओपनहायमर याची ही कथा. 16 जुलै 1945 ची ट्रिनिटी चाचणी, म्हणजे अणुबॉम्बची पहिली चाचणी, दाखवताना स्फोटाचा उजेड आधी येतो आणि आवाज लवकर येतच नाही. ऐकू येतो तो केवळ श्वास. शास्त्राला धरूनच आहे हे, कारण जवळचे निरीक्षणस्थळ सुमारे नऊ किलोमीटरवर होते आणि एवढे अंतर कापायला आवाजाला जवळपास अर्धा मिनिट लागतो. नोलनने ती शांतता आणखी ताणली आहे. गीतेच्या अकराव्या अध्यायातले ‘कालोऽस्मि’ (मी काळ आहे) हे वचन ओपनहायमरच्या मनात उमटते तेही याच शांततेत. इंग्रजीत तो ‘मृत्यू’ म्हणतो. मूळ शब्द ‘काल’ आहे, आणि मराठी माणसाला ‘काळ’ म्हटल्यावर वेळ आणि मरण दोन्ही एकदमच ऐकू येतात.

हिरोशिमाची छायाचित्रे शास्त्रज्ञांना दाखवली जातात, तेव्हा मात्र पडदा आपल्याला दिसत नाही. दिसतो तो ओपनहायमर, आणि तो नजर खाली वळवतो. चित्रपट त्याच्या नजरेतून सांगितलेला आहे, म्हणून हा निर्णय मला कलेच्या दृष्टीने योग्य वाटतो. जपानमध्ये हा चित्रपट मार्च 2024 मध्ये, इतरत्र प्रदर्शित झाल्यानंतर आठ महिन्यांनी लागला. तिथल्या प्रेक्षकाला ते खाली वळलेले डोळे पुरेसे वाटले नाहीत, तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही. मी स्वतः तो प्रसंग दोनदा पाहिला, आणि दोन्ही वेळा वाटले की त्याने निदान एकदा तरी मान वर करायला हवी होती.