सगळं फेडलं, तरी बँक नाही म्हणते

“मॅडम, आता त कोनाचं एक रुपयाचंही देनं नाही. मंग बँक काहून नाही म्हनते?”

यवतमाळ जिल्ह्यात शेतकऱ्यांना कर्जाबाबत सल्ला देताना हा प्रश्न दरवर्षी पेरणीच्या तोंडावर माझ्यासमोर येतो: जुनं कर्ज मिटलं, तरी नवं पीककर्ज का मिळत नाही? दोन वर्षांपूर्वी तो घेऊन आले पाच एकर कोरडवाहू कापसाचे एक भाऊ. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) सोबत वहिनी. भाऊंनी खताच्या पिशवीतून पावत्यांचा गठ्ठा काढून टेबलावर मांडला. सावकाराचे पैसे बैलजोडी विकून दिले होते, बँकेचे एकरकमी. एकही पावती हरवलेली नव्हती.

आम्ही सिबिलचा, म्हणजे कोणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचा, अहवाल काढला. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो, त्यासाठी कोणाला पाचशे रुपये देऊ नका. कर्जफेडीचे गुण ३०० ते ९०० मध्ये मोजतात, जितके जास्त तितकं बरं. भाऊंचे ५८४. जुन्या पीककर्जापुढे शब्द होता ‘सेटल्ड’.

“म्हंजे मिटलं ना जी?”

इथंच घोळ होतो. बाकी १,४२,००० होती, तडजोडीत बँकेनं ९०,००० घेतले. भाऊंच्या लेखी व्यवहार मिटला. बँकेच्या लेखी ५२,००० बुडाले, आणि ही नोंद किमान सात वर्षं राहते. पूर्ण फेड झाली की ‘क्लोज्ड’ लिहितात. तडजोडीच्या मेळाव्यात भाऊंना हे कोणी सांगितलंच नव्हतं. ते सहीआधी तोंडानं सांगायला हवं, असं माझं ठाम मत आहे. शेतकरी तेव्हा अब्रू वाचवायला सही करतो, बारीक अक्षरं वाचायला नाही.

अहवालात आणखी एक निघालं. मोटारसायकलचं कर्ज फिटून तीन वर्षं झाली, तरी ‘थकीत’. ही सरळ चूक होती. शेवटच्या हप्त्याची पावती आणि नाहरकत दाखला जोडून तक्रार केली. अशी तक्रार ३० दिवसांत निकाली काढावी लागते, नाहीतर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. दुरुस्ती महिन्याच्या आत झाली. सातबाऱ्याच्या इतर हक्कात जुना बोजाही तसाच होता. बँकेचं पत्र घेऊन तलाठ्याकडे दोन चकरा झाल्या, फेरफार झाला, बोजा उतरला.

५२,००० आता भरले तर शेरा बदलेल का, हे बँकेला लेखी विचारायला सांगितलं. पण घरात पोरीची फी होती. घर उपाशी ठेवून शेरा सुधारू नका, असं मी स्पष्ट म्हटलं.

मग गुण सुधारावेत म्हणून मी सोनं तारण ठेवून नवं छोटं कर्ज घेऊन वेळेवर फेडायचं सुचवलं, तशा वहिनी पहिल्यांदा बोलल्या. “पुन्हा कर्ज? माही पोत दोनदा गहान पडली, मॅडम.” आवाज कापत होता. सोनेतारणाचा विषय मी तिथंच सोडला. त्या भीतीला मी चूक म्हणणार नाही. सावकाराचं महिन्याला शेकडा पाच त्यांनी भोगलं होतं.

त्या हंगामाचं बियाणं बचत गटाच्या पैशातून आलं. कापूस विकल्यावर जानेवारीत २०,००० ची मुदत ठेव केली आणि तिच्यावरच १५,००० कर्ज घेतलं. स्वतःचेच पैसे व्याजानं घेतो आहोत, हे भाऊंना फार खटकलं. पण हप्ता चुकला तर ठेव जाईल, पोत नाही, हे वहिनींना पटलं. कॅलेंडरवर दर महिन्याची ५ तारीख त्यांनीच गोल करून ठेवली. बारा हप्ते, एकही चुकला नाही.

गुण ६७१ झाले. ‘सेटल्ड’ अजून आहे. तरी या मे महिन्यात बँकेनं ६०,००० पीककर्ज दिलं, मागितलं होतं लाखभर. मुदतीत फेडलं तर पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे व्याज शून्यावर येतं, म्हणून फेडीची तारीखही कॅलेंडरवर चढली.

परवा वहिनी एकट्याच आल्या. त्यांच्या भावाच्या ट्रॅक्टर कर्जाला आमचे भाऊ जामीन आहेत आणि तिकडे दोन हप्ते थकलेत. जामीनदाराच्या अहवालातही ते दिसतं, हे त्यांना आता ठाऊक आहे. “भावाले कसं म्हनू?” त्या विचारत होत्या. रविवारी तिघांना एकत्र बसवायचं ठरलं आहे.