आर्गॉनचा भाव आणि उपग्रहाचं इंजिन

प्रश्न : सर, जळगाव एमआयडीसीत माझं स्टेनलेस स्टील फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. टाक्या, डाळमिलची कामं करतो. आता उपग्रहही आर्गॉनवर चालतात, हा बाजार वाढणार, असं मुलगा सांगतो. मग वेल्डिंगसाठी आम्ही घेतो त्या आर्गॉन सिलिंडरचा भाव वाढेल का? आणि आमच्यासारख्याला यात काही काम आहे का? – एक वाचक, जळगाव

उत्तर : भाऊ, भावाची काळजी सोडा. स्वस्त आहे म्हणूनच तर आर्गॉन उपग्रहात गेला. उपग्रहाच्या विजेवर चालणाऱ्या इंजिनाचा खरा लाडका गॅस झेनॉन. तो जड असतो आणि त्याचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, सहज होतात. पण हवेच्या एक कोटी भागांत तो एक भागही भरत नाही. आर्गॉन मात्र जवळजवळ एक टक्का. हजारो उपग्रह सोडायचे तर झेनॉन परवडणार कसा? उपग्रहांवरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकने 2019 मध्ये क्रिप्टॉन घेतला आणि 2023 पासून आर्गॉन.

तुमच्या टॉर्चच्या टोकाला जो आर्क पेटतो, तो आर्गॉनचा प्लाझ्माच, म्हणजे आयन आणि इलेक्ट्रॉन सुटे झालेला वायू. हॉल थ्रस्टरमध्ये, म्हणजे उपग्रहाच्या या विजेच्या इंजिनात, तो गोल खाचेत तयार होतो. चुंबकामुळे इलेक्ट्रॉन तिथे अडकून फिरत राहतात आणि विजेच्या दाबाने आयन बाहेर फेकले जातात, सेकंदाला सुमारे 25 किलोमीटर वेगाने. रासायनिक इंजिनाचा वायू तीनेक किलोमीटरने निघतो. त्यामुळे इंधन फार कमी लागतं, आणि वाचलेल्या प्रत्येक किलोला उड्डाणाचा पैसा लागत नाही. हा सगळा बाजार त्या वाचलेल्या वजनावर उभा आहे. जोर मात्र विचारू नका : स्टारलिंकचं इंजिन 4.2 किलोवॅट खातं आणि तीन-चार कोऱ्या कागदांच्या वजनाइतकं ढकलतं. वर पोचायला महिने लागतात. घाई असलेल्यांनी जुनंच इंजिन घ्यावं.

आपल्याकडे इस्रोने 2017 मध्ये जीसॅट-9 वर विजेचं इंजिन वापरलं. मार्च 2025 मध्ये 300 मिलीन्यूटन जोराच्या प्लाझ्मा थ्रस्टरची 1000 तासांची चाचणी पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. इतके तास इंजिन चालवायचं म्हणजे तितके तास अवकाशासारखी निर्वात, आतली हवा काढलेली टाकी हवी. माझ्या मते तुमचं काम असलंच तर इथे आहे. गॅस विकण्यात नाही.

पण डाळमिलच्या टाकीची सवय इथे चालणार नाही. निर्वात टाकीचा सलग वेल्ड आतल्या बाजूने मारतात. बाहेरून लागलाच तर तुटक-तुटक मारतात, म्हणजे मधल्या फटीत हवा कोंडून राहत नाही. पाणी भरून गळती पाहून भागत नाही, हेलियम वायूने गळती तपासतात. आतल्या पत्र्यावर तेलाचा हात लागला तरी पंप दिवसभर झगडत बसतो. तुमच्या वेल्डरकडून आधी फूटभर व्यासाची एक टाकी करून घ्या आणि हेलियमची तपासणी बाहेर दुसऱ्या कुणाकडून करून आणा. मुलगा डिप्लोमाला जाणार असेल तर त्याला पॉवर इलेक्ट्रॉनिक्स घ्यायला सांगा. इंजिनाला वीज पुरवणारी पेटी बनवणं हे इंजिनाहून कमी किचकट नाही.